विश्लेषण : गाडीच्या चाकांवरची काळी पूड नुसती धुऊन टाकायची, की समजून घ्यायची?

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी मोटार दारात येते तेव्हा तिची अलॉय चाके चकचकीत असतात. काही आठवड्यांतच पुढच्या दोन चाकांवर काळपट-तपकिरी थर दिसू लागतो. फडक्याने पुसला तर अर्धवट निघतो, नुसते पाणी मारले तर तसाच चिकटून राहतो. मग वॉशिंग सेंटरवर ‘ॲसिड मारून’ चाके उजळून घेतली जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हा थर रस्त्यावरचा मळ आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग गाडीनेच तयार केलेला असतो. ती ब्रेकची झीज असते. त्यामुळे हा विषय चाकाच्या शोभेपुरता उरत नाही. घाटातली सुरक्षितता, गाड्या धुणाऱ्या कामगारांचे हात आणि शहराची हवा या तिन्हींशी तो जोडलेला आहे.

ही पूड येते कुठून?

ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. घर्षणाने गाडीचा वेग कमी होतो आणि त्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलते. ही ऊर्जा किती असते? बाराशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान जवळपास ७० अंशांनी वाढेल. एवढे काम काही सेकंदांत, तळहाताएवढ्या पॅडवर होते. त्यात पॅड झिजतो आणि डिस्कही झिजते.

पॅड हा एकाच पदार्थाचा नसतो. राळेसारख्या बंधकात धातूचे तंतू, ग्रॅफाइट, खनिज भरण, घासणारी कठीण पूड आणि अनेकदा तांबे किंवा अँटिमनीची संयुगे मिसळून तो दाबून भाजलेला असतो. झिजलेल्या पुडीत हे सगळे येतेच, शिवाय डिस्कचे लोखंडही मोठ्या प्रमाणात असते. काळा रंग कार्बनचा, तर नंतर दिसणारी तपकिरी झाक लोखंडाच्या गंजाची.

पुढचीच चाके जास्त काळी का?

ब्रेक लावल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते. त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या ब्रेकवर येते आणि झीजही तिथेच जास्त होते. दुसरे कारण रचनेचे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या आणि मध्यम गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम बंद असल्याने लायनरची पूड आतच साठते आणि मागची चाके स्वच्छ दिसतात. ती पूड नाहीशी झालेली नसते. गॅरेजमध्ये ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारली जाते, तेव्हा ती मेकॅनिकच्या नाकातोंडात जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ॲस्बेस्टॉस हा कर्करोगाला कारणीभूत ठरणारा पदार्थ आहे, हे जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. ड्रम हवेने फुंकण्याऐवजी ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावा, हा नियम म्हणूनच प्रत्येक गॅरेजने पाळायला हवा.

चाकाचे नेमके काय बिघडते?

अलॉय चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि त्यावर रंगाचे थर व शेवटी पारदर्शक लाखेचा थर असतो. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण गरम असतात. ते लाखेवर नुसते बसत नाहीत, तर त्यातले काही तिच्यात रुततात. पावसाळ्यात किंवा किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत हे कण गंजतात. गंजताना ते फुगतात आणि आजूबाजूची लाख उचलली जाते. सुरुवातीला सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. दुर्लक्ष झाले तर लाखेला तडे जातात आणि ओलावा थेट ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचतो. मग लाखेखाली पांढरट जाळे पसरू लागते. ते धुऊन जात नाही. चाक नव्याने रंगवणे हाच उपाय उरतो.

‘डायमंड कट’ चाकांच्या बाबतीत धोका अधिक. त्यांचा दर्शनी भाग यंत्रावर कातून चमकता ठेवलेला असतो आणि त्या उघड्या धातूवर केवळ पारदर्शक थर असतो. फुटपाथच्या कडेला एकदा घासले, की गंजाला वाट मिळते. लोखंडी रिमवर प्लास्टिकची कॅप असेल तर शोभेचा प्रश्न सोपा असतो. मात्र कॅपखालच्या रिमलाही धुण्याची गरज असते, हे विसरले जाते.

धुण्याआधी चाक ‘वाचावे’ का?

अवश्य. चाकांवरची पूड ही ब्रेकच्या तब्येतीची फुकट मिळणारी तपासणी आहे. पुढच्या दोन्ही चाकांवर ती साधारण सारखी असायला हवी. एकच चाक जास्त काळे होत असेल आणि फेरी मारून आल्यावर तेच जास्त तापत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असण्याची शक्यता आहे. पॅड डिस्कला सतत घासत राहतो. एरवी काळे होणारे एखादे चाक अचानक स्वच्छ राहू लागले, तर त्या बाजूचा ब्रेक कामच करत नसेल. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर, तेलकट डाग दिसला तर ब्रेक ऑइल गळत असू शकते. अशा वेळी गाडी धुवायला नव्हे, थेट गॅरेजला न्यावी.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो. तो घाबरण्यासारखा नाही. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो घासून जातो. पण तीही लोखंडाचीच पूड असते आणि चाकावर येऊन बसते. पावसाळ्यात चाके अधिक वेळा धुण्याचे हे कारण आहे.

घरच्या घरी चाके कशी धुवावीत?

पहिला नियम : चाक थंड असावे. घाट उतरून आल्याबरोबर तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नये. अचानक आणि असमान थंड झाल्याने डिस्कवर ताण येतो. शिवाय गरम चाकावर शाम्पू आणि रसायने लगेच सुकतात व डाग सोडतात.

दुसरा नियम : गाडीच्या अंगाआधी चाके धुवावीत आणि त्यांची बादली, फडके व ब्रश वेगळे ठेवावेत. ब्रेकची पूड म्हणजे धातूचा बारीक कीस. तेच फडके बॉनेटवर फिरवले, की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात. कोरड्या चाकावर कोरडे फडके फिरवणे तर पूर्णपणे टाळावे.

आधी भरपूर पाण्याने सैल पूड वाहून जाऊ द्यावी. मग गाडीचा शाम्पू पाण्यात मिसळून मऊ ब्रशने पुढचा भाग, आऱ्यांच्या मागच्या बाजू आणि नटांच्या खाचा धुवाव्यात. नटांच्या खाचांसाठी जुना दात घासायचा ब्रश पुरतो. भांडी घासायची तारेची घासणी, वाळू किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. धुतल्यावर चाक सुक्या मऊ फडक्याने पुसावे. अनेक भागांत बोअरचे पाणी जड असते आणि ते आपोआप सुकले तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून, रस्ता मोकळा पाहून दोन-तीनदा हलका ब्रेक लावावा. डिस्क कोरडी होते. ओल्या डिस्कसह हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी केली, तर पॅड किंवा लायनर गंजाने चिकटून बसू शकतो. दर पंधरा दिवसांनी एवढे केले तर बहुतेक गाड्यांना कोणत्याही खास रसायनाची गरज पडत नाही.

‘ॲसिड’ का नको?

कारण ते चटकन काम करते आणि त्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजतो. चाके उजळणाऱ्या काही द्रवांमध्ये तीव्र आम्ल असते. ते गंज विरघळवते, तशीच लाखेची चमकही घालवते आणि उघड्या ॲल्युमिनियमला खाऊन पांढरे पाडते. ब्रेकचे लोखंडी भाग आणि नट लवकर गंजतात ते वेगळेच. दोन-चार वेळा चाके झगमगतात, नंतर कायमची निस्तेज होतात.

सर्वात गंभीर प्रकार हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेल्या द्रवांचा. हे आम्ल त्वचेतून आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते. सौम्य द्रावणाने भाजल्यावर सुरुवातीला फारसे दुखतही नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर आतल्या पेशींना इजा झालेली असते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हा खास प्रथमोपचार आहे. वॉशिंग सेंटरवर उघड्या हातांनी, चपला घालून काम करणाऱ्या मुलाकडे ती असण्याची शक्यता किती? लेबल नसलेल्या कॅनमधून मगात ओतलेला द्रव काय आहे, हे त्यालाही माहीत नसते. चाक चकचकीत करण्याच्या हौसेची सर्वात मोठी किंमत इथे मोजली जाते आणि ती मोजणाऱ्याची गाडी नसते.

सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. रुतलेल्या लोखंडासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाने मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांत थायोग्लायकोलेट गटातले क्षार असतात. केस कुरळे करण्याच्या आणि केस काढण्याच्या क्रीममध्येही याच गटातली रसायने वापरतात, म्हणून वासही तसाच उग्र असतो. लोखंडाशी संयोग झाला की द्रव जांभळा होतो आणि कण सुटे होतात. सावलीत, थंड चाकावर, हातमोजे घालून तो मारावा आणि सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुवावा. वर्षातून दोन-तीनदा वापर पुरेसा. प्रत्येक धुण्याला जांभळी धार पाहण्याचा मोह आवरलेला बरा.

मेण, कोटिंग, झाकणे : काय उपयोगी?

स्वच्छ चाकावर संरक्षक थर दिला तर पूड रुतण्याऐवजी वर बसते आणि साध्या शाम्पूने निघते. साधे मेण स्वस्त असते, पण चाकाच्या उष्णतेपुढे फार टिकत नाही. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतो. सिरॅमिक कोटिंग सर्वात टिकाऊ आणि महाग. नव्या गाडीला पहिल्या महिन्यात सीलंट लावणे हा त्यातला सर्वात शहाणा खर्च आहे, कारण तेव्हा लाखेत काही रुतलेले नसते. कोणतेही मेण, टायर चमकवणारा द्रव किंवा सिलिकॉनचा फवारा डिस्कवर मात्र जाता कामा नये. टायरची चमक ब्रेकच्या पकडीवर बेतू शकते.

चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये बसवायच्या चकत्याही काही बाजारांत विकल्या जातात. त्या पूड अडवतात, पण डिस्क थंड करणारी हवाही अडवतात. सपाट रस्त्यावर फरक जाणवणार नाही. घाटात जाणवेल आणि तेव्हा उशीर झालेला असेल. चाक स्वच्छ राहावे म्हणून ब्रेक गरम ठेवणे हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

कमी धुळीचे पॅड बसवावेत का?

पॅडच्या प्रकारानुसार पुडीत मोठा फरक पडतो. युरोपीय गाड्यांत रूढ असलेले धातुमिश्रित पॅड जोरदार पकडतात आणि डिस्कलाही झिजवतात, म्हणून त्या गाड्यांची चाके लवकर काळी होतात. सेंद्रिय प्रकारचे आणि सिरॅमिक पॅड तुलनेने कमी व फिकट रंगाची पूड सोडतात. पॅड बदलण्याची वेळ आलीच असेल आणि गाडीच्या निर्मात्याने तसा पर्याय मान्य केलेला असेल, तर तो जरूर घ्यावा. पण केवळ चमकेसाठी अनोळखी स्वस्त पॅड बसवू नयेत. ‘कमी धूळ’ असे खोक्यावर छापणे सोपे असते. तापल्यावर पकड टिकते की नाही, हे खोका सांगत नाही.

धूळ मुळातच कमी कशी होईल?

याचे उत्तर कोणत्याही बाटलीत नाही, ते उजव्या पायात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून थांबायला ४० च्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग जोरात ब्रेक मारणारा चालक इंधन, पॅड आणि चाके तिन्ही एकदम खर्च करतो. थोडे आधी पाय उचलला, की तेच काम इंजिन आणि हवा फुकटात करतात.

घाटात हा फरक आणखी ठळक होतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. बाराशे किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा ताशी ८० वरून वीसपेक्षा अधिक वेळा पूर्ण थांबण्याइतकी आहे. ती सगळी ब्रेकवर टाकली तर पॅड तापून पकड ढिली होते आणि ब्रेक ऑइल उकळण्याची भीती असते. डॉट-३ प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत, तर डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असे मानक सांगते. पण ते हवेतला ओलावा शोषते आणि उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरणे हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला आजही बरोबर आहे. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे वाचवत काहीच नाहीत. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आजची इंजिने इंधनपुरवठा जवळपास बंदच करतात.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्या मोटरचा जनित्रासारखा वापर करून वेग कमी करतात. त्यामुळे त्यांच्या ब्रेकची झीज कमी होते आणि चाके स्वच्छ राहतात. मात्र वापराअभावी डिस्क गंजू नये म्हणून अधूनमधून साधा ब्रेक मुद्दाम लावणे त्यांनाही आवश्यक असते.

हवेत आणि पाण्यात काय जाते?

चाकावर दिसते ती पूड हा झिजेचा केवळ एक भाग. अभ्यासांतून पुढे आलेला ढोबळ अंदाज असा, की झिजेतली साधारण निम्मी पूड हवेत तरंगते आणि त्यातले बहुतेक कण दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतात. म्हणजे श्वासातून आत जाण्याजोगे. उरलेली रस्त्यावर, चाकावर आणि अखेर पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत जाते.

तांब्याचा परिणाम जलचरांवर होतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात पॅडमधले तांबे २०२१ पासून वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्यापर्यंत मर्यादित झाले. पॅड बनवणाऱ्यांनी घटक बदलले आणि गाड्या पूर्वीसारख्याच थांबत आहेत.

युरोपीय संघाने त्यापुढचे पाऊल टाकले. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘युरो-७’ नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या कणांवरही मर्यादा आली. इंजिनाच्या आणि हायब्रिड प्रवासी गाड्यांसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण विजेच्या गाड्यांसाठी ३ मिलिग्रॅम. नव्या प्रकारच्या मोटारींना हे नियम नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतात.

भारतात काय स्थिती आहे?

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज-६’मध्ये डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम आहे. युरोपने ब्रेकसाठी ठरवलेली ७ मिलिग्रॅमची मर्यादा याहून मोठी आहे. अर्थ सरळ आहे. धुराची नळी इतकी स्वच्छ झाली आहे, की आता ब्रेक तिच्याहून अधिक कण सोडू शकतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी सात मिलिग्रॅमच्या हिशेबाने ८४ ग्रॅम पूड हवेत सोडेल. एका गाडीसाठी ही मूठभर गोष्ट. सिग्नलागणिक थांबणाऱ्या पुणे-मुंबईतल्या लाखो गाड्यांसाठी नव्हे. तरीही ‘भारत स्टेज-६’मध्ये ब्रेकच्या कणांना मर्यादा नाही आणि पीयूसी केंद्रावर तपासला जातो तो केवळ धूर.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूरसह राज्यातील अनेक शहरे आहेत. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. ब्रेकचे कण मोजण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम मंचाने २०२३ मध्येच मान्य केली आहे. म्हणजे मोजायचे कसे, हा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या वाहतुकीत, आपल्या घाटांत आणि इथे विकल्या जाणाऱ्या पॅडवर हे मोजमाप करून ते जाहीर करणे, ही पहिली पायरी असायला हवी. पॅडच्या खोक्यावर घटकांचे प्रमाण छापणे ही दुसरी. आणि वॉशिंग सेंटरवर लेबल नसलेले आम्ल वापरण्यास बंदी व कामगारांना हातमोजे-बूट देण्याची सक्ती ही तिसरी. तिसरीसाठी तर कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोवर गाडीमालकाच्या हातात जे आहे ते कमी नाही. सिग्नल दिसताच पाय उचलणे, घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, पंधरा दिवसांनी शाम्पू आणि मऊ ब्रश, आणि वॉशिंग सेंटरवर ‘ॲसिड नको’ एवढे दोन शब्द. चाक त्याने उजळेलच. ते धुणाऱ्याचे हातही शाबूत राहतील.